परखी

पहाटे सव्वातीनला पडद्यावर डबा उमटतो.
कोतोनू ते न्हावा शेवा,
सोळा टन कच्चा काजू, सालासकट.
यंत्रणेने त्याचं मागचं-पुढचं सगळं चाळलंय:
पाठवणारा जुना, घेणारा जुना, धुरीचा दाखला जोडलेला.
नावापुढे हिरवा ठिपका.
हिरवा म्हणजे जाऊ द्या,
माणसाने हात लावायचं कारण नाही.

पण शंभरातला एखादा हिरवाही
ती उगाच बाजूला काढते,
गुरवाने लावलेल्या कळ्यांतली एखादी
कुणी न विचारता गळावी तशी.
आज हा गळला.
झुबेर परकार फोनवर आधी हसतो,
मग म्हणतो, मॅडम, हिरवा होता ना?
होता. शेडमध्ये आणा.

हिराजी कडू सील तोडतात.
दारातून बाहेर पडतो तो वास कुठल्याच रकान्यात बसत नाही:
गोणपाट, आणि सदतीस दिवसांचा कोंडलेला उकाडा.
हिराजींचं मिठागर या बंदराखाली आहे,
सातव्या क्रेनच्या आसपास कुठेतरी.
ते हे तक्रार म्हणून सांगत नाहीत,
पत्ता म्हणून सांगतात.

त्यांच्या हातात परखी,
उरणच्या लोहाराकडून काजूसाठी मुद्दाम रुंद करून घेतलेली.
गोणीच्या कुशीत तिरकी घालायची, फिरवायची, ओढायची;
पन्हळीतून ओंजळभर काजू घरंगळत येतात.
टॅबलेट फोटो मागतो, अक्षांश मागतो, रेखांश मागतो,
वेळ मात्र स्वतःच घेतो.
चौथ्या गोणीशी हिराजी थांबतात.
बोलत नाहीत. तळवा माझ्यापुढे धरतात.

तांदळाच्या कणीएवढी. केसाळ. जिवंत.

खापरा वाटतो, ते म्हणतात.
हा शब्द आपला,
दूरदूरच्या बंदरांच्या याद्यांत
असाच्या असा जाऊन बसलेला.
दुसरं कुणी आपल्याला इतकं नावानिशी ओळखत नाही.
मी भिंगाखाली बघते. खापरा नव्हे.
केसांची ठेवण वेगळी आहे.
यादी उघडते, वरून खाली सरकवते,
एकशे बारा नावं, आणि अगदी तळाला: इतर.
मी इतर निवडते.
खात्री आहे? यंत्रणा विचारते.
ओटीपी येतो.
हिरव्याचा लाल होताना
मध्ये क्षणभर पिवळासुद्धा होत नाही.

काजूही असाच उतरला होता इथे,
चारशेएक वर्षांपूर्वी, परक्या गलबतातून.
त्याच्या सालीला चिकटून आणखी काय उतरलं
त्याची कुठे नोंद नाही.
आता तो आमच्या लग्नातल्या उसळीत आहे.

साडेसहाला वेंगुर्ल्याहून आईचा फोन.
सत्तावीस वर्षं फोडून-सोलून
काजूच्या तेलाने तिच्या बोटांचे ठसे खाल्ले;
रेशनच्या दुकानातलं यंत्र
दर महिन्याला सांगतं, ही बाई ही बाई नाही.
"बोट इली काय गो?
कारखान्यातलो माल सरलो.
सोमवारपासून घराकच बसा सांगल्यानी."

घेणाऱ्याचा पत्ता मी वाचला होता,
सव्वातीनलाच.

"इली," मी म्हणते. "पण थांबवलंय."
"कित्याक?"
"किडो गावलो."
पलीकडे कढईत काहीतरी तडतडतं.
"जितो?"
"जितो."
"मगे..." ती म्हणते, आणि पुढचं वाक्य
कढईच्या आवाजात राहून जातं.
फोन तिने ठेवला की रेंज गेली, कळत नाही.

कुपीवर चिठ्ठी लावते:
तारीख, डबा, गोणी चार.
नावाची जागा कोरी.
प्रयोगशाळेची गाडी नऊला येईल.
तोवर अळी काचेवरून वर चढते,
बुचापर्यंत जाते,
आणि बुचाला काहीतरी विचारल्यासारखी
तिथेच थांबते.